पुन्हा होणार नाही

मुळे सर पडले तेव्हा मी शेजारच्या हॉलमध्ये पुरवण्या वाटत होते. आधी बाक खरडल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड फरशीवर आदळल्याचा. त्यानंतर जी शांतता पसरली ती परीक्षेच्या हॉलमधली नेहमीची शांतता नव्हती. सगळी पेनं एकाच वेळी थांबली होती. मी गठ्ठा टेबलावर टाकला आणि धावले.

मुळे सर दोन बाकांच्या मधल्या जागेत कुशीवर पडले होते. चष्मा लांब उडाला होता. शिपाई त्यांना उठवायला गेला तर ते कळवळून म्हणाले, "नको रे, हलवू नको. पाय गेलाय माझा." आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर, खिडकीच्या कोपऱ्यात, विश्वंभर इंगोले उकिडवा बसला होता. दोन्ही हात कानांवर, डोळे घट्ट मिटलेले, आणि सगळं अंग पुढे-मागे झुलत होतं.

"मॅडम, यानं ढकललं," एक मुलगा म्हणाला. "सरांनी नुसता खांद्यावर हात ठेवला, तर यानं ढकलून दिलं."

मी विश्वंभरच्या समोर, पण जरा लांब, खाली बसले. आवाज चढू न देता म्हणाले, "विश्वंभर, मी वसमतकर मॅडम. मी तुझ्या समोर आहे. तुझ्या मागे भिंत आहे. मागे कोणी नाही."

झुलणं थांबायला बराच वेळ लागला. सरांना तोवर स्ट्रेचरवरून नेलंही होतं. मग डोळे न उघडताच त्यानं विचारलं, "पेपरची वेळ संपली का?"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात भूगोल शिकवत होते, नवीनच लागले होते. विश्वंभर एम.ए.ला आला त्या दिवशी त्याच्या आधी त्याची आई माझ्या केबिनच्या दारात उभी राहिली होती. प्रयागबाई. जिंतूरच्या अलीकडच्या एका गावातली बाई, नवरा पुण्याला एका कंपनीत वॉचमन, दिवाळीला येणारा. विद्यापीठाच्या मागच्या फाट्याजवळ तिनं एक खोली घेतली होती आणि शिलाई मशीन टेम्पोत घालून आणलं होतं. मुलगा शिकेल तोवर ती इथंच ब्लाउज शिवणार होती.

"डॉक्टर स्वमग्न म्हणतेत," ती म्हणाली होती. "पण मॅडम, लेकरू माझं शहाणं हाय. फक्त तीन-चार गोष्टी सांभाळाव्या लागतेत. काही बदलायचं असलं तर तेला आधी सांगायचं. बोलताना तो तोंडाकडं बघत नाही, पण ऐकतो सगळं. आणि मागून हात लावायचा नाही. मागून हात लागला की तेला वीज बसल्यासारखं होतं. मग तो काय करतो ते तेचं तेलाच कळत नाही."

मी हे सगळं विभागात सांगितलं. वर्गात त्याची जागा ठरवली, शेवटचा बाक, भिंतीला पाठ. परीक्षेलाही तशीच. लोक समजतात अशा मुलांच्यात काहीतरी अचाट असतं, एकदम मोठमोठे आकडे गुणणारं वगैरे. विश्वंभरमध्ये तसलं काही नव्हतं. त्याला सेकंड क्लासचे मार्क पडायचे. त्याला माती आवडायची, एवढंच. भारी, बरड, चोपण, मुरमाड, कुठलीही माती त्याला चिमटीत धरून चोळायला आवडायची. जिंतूरला कधीतरी माती परीक्षणाची प्रयोगशाळा निघेल आणि तिथे आपण नोकरी करू, असं त्यानं ठरवलं होतं. वर्गात तो इतके प्रश्न विचारायचा की मुलं आधी हसायची. पुढे पुढे आपल्या मनातला प्रश्न तो विचारतो का म्हणून वाट बघायला लागली.

दीड वर्ष नीट गेलं. शेवटच्या सेमिस्टरला, त्या दिवशी सकाळी, नेहमीचा हॉल दुसऱ्या कुठल्याशा प्रवेश परीक्षेला दिला गेला आणि आमची मुलं वेगळ्या हॉलमध्ये बसवली गेली. आसन क्रमांक लावणाऱ्यानं क्रमानं लावले. विश्वंभरचा बाक मधोमध आला. पर्यवेक्षक म्हणून आले इतिहासाचे मुळे सर. निवृत्तीला आलेला, फार मायाळू माणूस. मुलं लिहीत असली की मागून जाता जाता खांदा थोपटायची त्यांना सवय होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी मी दवाखान्यात गेले तेव्हा ऑपरेशन ठरलेलं होतं आणि सर छताकडे बघत पडले होते.

"मी थोपटलं हो त्याला," ते मला म्हणाले. "छान लिहीत होता. अक्षर बघितलं, टपोरं. म्हटलं, शाब्बास."

विश्वंभरला मागून हात लागला की काय होतं ते मी त्यांना सांगितलं. ते ऐकत राहिले.

"मला कोणी सांगितलं असतं तर मी कशाला हात लावला असता," ते म्हणाले. "इतकी वर्षं मुलांना थोपटतोय. मला कोणी असं झिडकारलं नव्हतं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "त्याचं वर्ष जाऊ देऊ नका. माझी तक्रार नाही म्हणून सांगा."

त्यांची तक्रार नव्हती, पण गोष्ट आता त्यांच्या हातात राहिली नव्हती. प्राध्यापकांची बैठक झाली. एका ज्येष्ठ शिक्षकाला विद्यार्थ्यानं पाडलं, उद्या दुसऱ्या कोणाला पाडेल, असं म्हणणारे बरेच होते, आणि ते काही दुष्ट नव्हते. अधिष्ठाता डॉ. बिडवई यांनी चौकशी समिती नेमली आणि मला बोलावून घेतलं.

"वसमतकर मॅडम, मला त्या मुलाला काढायचं नाही," ते म्हणाले. "दोन पेपर राहिलेत त्याचे. त्यानं समितीपुढे यावं, माफी मागावी आणि पुन्हा असं होणार नाही एवढं तोंडानं म्हणावं. मी तिथल्या तिथे विषय संपवतो. पुढच्या पेपरला भिंतीकडचा बाक मी स्वतः बघून देतो. मग तर झालं?"

याहून चांगलं काही होण्यासारखं नव्हतं. मी त्यांचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विभागामागच्या कडुलिंबाखाली आम्ही तिघं बसलो. प्रयागबाईंनी डब्यातून दशम्या आणल्या होत्या. विश्वंभर झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसला होता आणि बोटांनी माती उकरत होता.

"मुळे सरांचं हाड मोडलं," तो म्हणाला. "मला वाईट वाटतं. मी त्यांना मुद्दाम ढकललं नाही. पण पडले ते माझ्यामुळंच."

"हेच म्हणायचं," मी म्हणाले. "आणि मग म्हणायचं, पुन्हा असं होणार नाही."

"ते नाही म्हणता येणार."

"का बाळा?" प्रयागबाईंनी विचारलं.

"ते मला माहीत नाही. कोणी मागून हात लावला तर होईल. ते माझ्या हातात नाही. मग होणार नाही असं कसं म्हणू?"

"अरे, म्हणायचं नुसतं. सगळे म्हणतेत."

"सगळे खोटं म्हणतात का?"

प्रयागबाईंनी माझ्याकडे बघितलं. दशमीचा तुकडा हातातच धरून त्या म्हणाल्या, "लहानपणापासून एकेक गोष्ट शिकवली मॅडम तेला. बूट घालायला शिकवलं, रस्ता ओलांडायला शिकवलं, पैसे द्यायला शिकवलं. खोटं बोलायचं तेवढं शिकवायचं राहून गेलं बघा."

मी विचार करून म्हणाले, "विश्वंभर, पुन्हा होऊ नये म्हणून मी प्रयत्न करीन, असं म्हणता येईल का?"

त्याची माती उकरणारी बोटं थांबली. "येईल," तो म्हणाला. "ते खरं आहे. मी प्रयत्न करीन."

मग आम्ही तेच घोकलं. त्यानं ते इतक्या वेळा, इतकं नीट म्हणून दाखवलं की प्रयागबाई हसल्या आणि उरलेली दशमी खाल्ली.

समितीच्या खोलीत लांब टेबलाच्या पलीकडे तिघं बसले होते. मधोमध डॉ. बिडवई, त्यांच्या उजवीकडे वाणिज्यचे प्राध्यापक कनकुटे, डावीकडे परीक्षा विभागाच्या एक बाई. मी आधी जाऊन खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. विश्वंभरनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आईनं केसांना तेल लावून भांग पाडला होता.

तो ठरल्याप्रमाणे बोलला. टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत, पण स्पष्ट. "मुळे सरांचं हाड मोडलं, मला वाईट वाटतं. मी मुद्दाम केलं नाही. पुन्हा होऊ नये म्हणून मी प्रयत्न करीन."

"छान," डॉ. बिडवई म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं. परीक्षा विभागाच्या बाईंनी मान हलवली. झालंच होतं.

"एक मिनिट सर," कनकुटे म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "मला उद्या माझ्या सहकाऱ्यांना काहीतरी सांगावं लागेल. त्यांनी त्या हॉलमध्ये जावं की नाही? बाळ, प्रयत्न करशील ते ठीक आहे. पण पुन्हा होईल की नाही?"

मी म्हणाले, "सर, तो प्रयत्न करीन म्हणतोय, त्याचा अर्थ—"

"त्याला बोलू द्या मॅडम."

विश्वंभर म्हणाला, "कोणी मागून हात लावला तर होईल."

कनकुटेंनी हात उलटे करून डॉ. बिडवईंकडे बघितलं.

मी पुन्हा बोलले. त्याला मागे भिंत द्या, हात लावू नका, एवढंच करायचं आहे, हॉल बदलला तेव्हा कोणी कळवलं नाही म्हणून हे झालं, हे सगळं बोलले. डॉ. बिडवई ऐकत होते, पण मग ते म्हणाले, "मॅडम, हे मला पटतं. पण पुन्हा होईल असं त्यानंच सगळ्यांसमोर सांगितल्यावर मी त्याला हॉलमध्ये कसा बसवू? उद्या कोणाला काही झालं तर?" मग ते विश्वंभरकडे वळले. "बेटा, होणार नाही म्हण. मी तुला मदत करायला बसलोय."

विश्वंभरची बोटं एकमेकांत अडकायला लागली. तो झुलू लागला, आधी थोडासा, मग जास्त.

प्रयागबाई दाराजवळच्या स्टुलावरून उठल्या. त्याच्या समोर येऊन फरशीवर बसल्या.

"विशू, माझ्याकडं बघ. नको बघू बरं, ऐक नुसतं. दोन पेपर राहिलेत रे. मग तुझं शिक्षण झालं. मग आपण गावाकडं जाऊ, तुला प्रयोगशाळेत नोकरी लागंल. एवढं एक वाक्य म्हण. माय सांगती म्हणून म्हण. मी तुला कधी काही मागितलं का रे?"

"म्हणलं तर खरं करावं लागेल," तो म्हणाला.

"हो, करू. आपण दोघं मिळून करू खरं. म्हण."

तो झुलायचा थांबला. डोक्यावर पंखा फिरत होता, त्याच्या पात्यांचा कर्रकर्र आवाज मला आजही आठवतो. विश्वंभर खूप वेळ विचार करत होता. अवघड प्रश्नाचं उत्तर लिहिण्याआधी तो असाच बसायचा, ओठ मिटून, मान एका बाजूला. कोणी त्याला घाई केली नाही.

"पुन्हा होणार नाही," तो म्हणाला.

"शाब्बास," डॉ. बिडवई म्हणाले आणि त्यांनी खरंच सुटकेचा श्वास सोडला. कनकुटेही हसले. सगळ्यांसाठी चहा मागवला गेला. प्रयागबाई डॉ. बिडवईंच्या पाया पडायला गेल्या, त्यांनी पडू दिलं नाही, तर पदरात तोंड लपवून रडायला लागल्या. परीक्षा विभागाच्या बाईंनी त्यांना पाणी दिलं. विश्वंभरनं चहा घेतला नाही. तो खुर्चीत भिंतीला पाठ लावून बसून राहिला. सगळे उठून गेले तरी उठेना. खोली रिकामी झाल्यावर, मी आणि त्याची आई पुढे चाललो तेव्हा तो निघाला. व्हरांड्याच्या भिंतीला घासत घासत येत होता. मला वाटलं, दमलाय.

पुढचा पेपर मृदा भूगोलाचा होता. मी सकाळी लवकर जाऊन बाक बघितला. शेवटची रांग, भिंत, शेजारी खिडकी. पर्यवेक्षकाला सगळं समजावून सांगितलं. मुलं आली, प्रश्नपत्रिका वाटल्या, तरी त्या बाकावर कोणी नव्हतं. मी माझ्या हॉलवर बदली शिक्षक बसवून स्कूटी काढली आणि फाट्यावरची खोली गाठली.

दार उघडंच होतं. प्रयागबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या आणि त्यांनी आत बोट दाखवलं.

विश्वंभर पत्र्याची पेटी आणि भिंत यांच्या कोपऱ्यात बसला होता. कपडे घातलेले, पायांत बूट, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर पॅड आणि पेन.

"पहाटपासून असाच हाय," प्रयागबाई म्हणाल्या. "जेवलाबी नाही."

मी त्याच्या समोर बसले. "विश्वंभर, पेपर सुरू झालाय."

"हो. मृदा भूगोल. माझा अभ्यास झालाय."

"मग चल. तुझा बाक भिंतीला लावलाय. मी स्वतः बघून आले."

"नाही येता येत."

"का?"

त्यानं मला समजावून सांगितलं. मी समजून घ्यायला जरा कमी पडते आहे, अशा सावकाश आवाजात. "रस्त्यावर मागे माणसं असतात. गेटमध्ये असतात. जिन्यात असतात. हॉलमध्ये भिंत आहे, पण हॉलपर्यंत भिंत नाही. कोणाचा तरी हात लागू शकतो. लागला तर होईल. पण मी म्हणालोय होणार नाही. म्हणून मला कुठं जाता येणार नाही."

मला आधी वाटलं, हे आजच्यापुरतं आहे. म्हणाले, "मी तुझ्या मागून चालते. अगदी बेताच्या अंतरावरून. कोणाला जवळ येऊ देणार नाही."

"तुम्ही अडखळलात तर?"



"आपण गाडी करू," प्रयागबाई म्हणाल्या. "दारापासून दारापर्यंत."

"गाडीतून उतरावं लागतं."

"विशू," त्या जवळ आल्या, "मी तुला म्हण म्हणलं ना? माझं चुकलं. मी परत घेते. तू काही बोललाच नाहीस असं समज."

"तू नाही म्हणालीस आई. मी म्हणालो. सगळ्यांनी ऐकलं." तो म्हणाला. "परत घेतलं तर ते खोटं होतं असं होईल. तू म्हणाली होतीस आपण खरं करू."



मी बाहेर जाऊन डॉ. बिडवईंना फोन लावला. ते खरंच धावपळ करणारे गृहस्थ. वेगळी खोली देतो म्हणाले, गाडी पाठवतो म्हणाले. पण प्रश्नपत्रिका केंद्राबाहेर नेता येत नव्हती, आणि विश्वंभर त्या खोलीबाहेर येत नव्हता. शेवटी मी मुळे सरांना फोन केला. ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते. त्यांचा आवाज खोल गेलेला होता. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"विश्वंभर, बाळा, मी मुळे सर. ऐक, मी तुला माफ केलंय. तू ये पेपरला. काही होणार नाही."

"सर, तुम्हाला कसं माहीत?"

पलीकडे मुळे सर खोकले.

"सर, तुमचं दुखतं का?"

"दुखतं रे. दुखायचंच थोडं."

"खूप?"

मुळे सरांनाही खोटं बोलावंसं वाटलं नसावं. "रात्री खूप दुखतं," ते म्हणाले.

"मग बरोबर आहे," विश्वंभर म्हणाला. "पुन्हा व्हायला नको."

मी फोन ठेवला. बाहेरून फाट्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. विश्वंभरनं पॅडवर कोरा कागद लावला होता आणि तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. मग मला काय वाटलं कोण जाणे. मी म्हणाले, "विश्वंभर, काळी माती उन्हाळ्यात का भेगाळते?"

त्यानं टोपण लावलं आणि पाठ ताठ केली.

त्यानं सगळं सांगितलं. चिकणमातीचे कण पाणी कसे धरतात, सुकल्यावर कसे आक्रसतात, भेगांतून वरची माती खाली जाऊन जमीन आपली आपणच कशी नांगरली जाते. मी पुढचा प्रश्न विचारला. त्यानं उत्तर दिलं. मी वर्षभर शिकवलेलं सगळं एकेक करून विचारत गेले आणि तो सांगत गेला. काही ठिकाणी चुकला, काही विसरला, तसं सांगितलंही. प्रयागबाई ऐकत होत्या. आपला मुलगा इथं येऊन काय शिकला हे त्यांनी कधी ऐकलं नसावं. एकदा मध्येच त्या हळूच म्हणाल्या, "आपल्या वावराचं सांगतोय होय रे?" तो म्हणाला, "हो, आपली भारी आहे. पण खालच्या बांधाला चोपण आहे."

पेपर संपायच्या वेळेला तो स्वतःच थांबला. पेन पॅडला अडकवलं.

"वेळ झाली," तो म्हणाला. "मी पास झालो का?"

"झालास," मी म्हणाले.

"खरं?"

"मी विचारलेल्या प्रश्नांत झालास. चांगल्या मार्कांनी."

तो हे उत्तर तपासून बघत होता. मग त्यानं मान हलवली. त्यानं ओळखपत्र गळ्यातून काढून दोरी गुंडाळून आईच्या हातात दिलं, तेव्हा प्रयागबाईंना हुंदका आवरला नाही.

शेवटचा पेपरही तसाच गेला. निकालात त्याच्या नावापुढे गैरहजर आलं. पुढच्या परीक्षेला बसवू म्हणून मी दोनदा फाट्यावर गेले, परभणीहून एका समुपदेशक बाईंनाही घेऊन गेले. त्या चांगल्या होत्या, त्यांनी मन लावून प्रयत्न केले. विश्वंभर त्यांच्याशी सगळं बोलला, पण उठला नाही. उन्हाळ्यात प्रयागबाईंनी खोली सोडली. एक टेम्पो मागच्या बाजूनं दाराला अगदी चिकटवून लावला. विश्वंभर उलट्या पावलांनी चढून आत केबिनच्या पत्र्याला पाठ लावून बसला. पुढे शिलाई मशीन, गाद्या, भांडी. मी हात हलवला. त्यानंही हलवला, मला दिसेनासा होईपर्यंत हलवत राहिला.

मी पुढे दुसऱ्या शहरात गेले. फोनवर कधीमधी प्रयागबाई भेटायच्या. गेल्या हिवाळ्यात जिंतूरच्या एका महाविद्यालयात व्याख्यानाला बोलावलं होतं, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेले.

प्रयागबाई आता वाकल्या आहेत. घराच्या मागच्या खोलीत विश्वंभर होता. भिंतीला लावलेली खुर्ची, शेजारी रेडिओ, खिडकीत मातीच्या पाच-सहा पुड्या. केस कानशिलांवर पांढरे झालेले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वसमतकर मॅडम. तुमची स्कूटी निळी होती."

"हो. विकली."

"मुळे सर चालतात का?"

"काठी घेऊन चालायचे. गेल्या वर्षी गेले ते."

त्यानं खिडकीतली मातीची एक पुडी उचलून मांडीवर ठेवली. "मग आता त्यांना दुखत नसेल," तो म्हणाला. आणि मग, मला ते कळावं अशी त्याची फार इच्छा असावी, म्हणाला, "मॅडम, माझ्याकडून पुन्हा झालं नाही."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "तू म्हणाला होतास."

तो हसला. तो कधी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

पुढच्या खोलीत प्रयागबाईंनी चहा ठेवला होता. मागच्या खोलीला आतून एक दार होतं, ते अगदी त्याच्या खुर्चीमागे उघडायचं. ते त्यांनी विटा लावून बुजवून टाकलं होतं. मी त्या विटांकडे बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"मी सोडून दुसरं कोण हाय तेला?" त्या म्हणाल्या. "माझा तरी हात चुकून लागायचा. म्हणून मी सगळं समोरूनच करते. केस समोरून विंचरते, आंघोळीचं पाणी समोर ठेवून बाहेर येते. लोक लेकरू पोटाशी धरतेत, पाठीवरून हात फिरवतेत." त्यांनी गॅस बारीक केला. "इतकी वर्षं झाली मॅडम, मी माझ्या लेकराची पाठ बघितली नाही."

मग त्यांनी त्याच्या चहाचा कप उचलला, चपला घातल्या, आणि घराला बाहेरून वळसा घालून त्याला चहा द्यायला गेल्या.